देव मागच्या गाडीत

शाल घ्यायला मी मागच्या बेडरूमचं दार उघडलं, तर पलंग रिकामा. जाऊबाई तिथे झोपल्यात असं सगळ्यांनी धरलं होतं. पलंगामागच्या खिडकीतून आमच्या मोटरहोमला, म्हणजे त्या चाकांवरच्या घराला, दांड्याने जोडलेली छोटी गाडी दिसत होती. ती मागून ओढली जात होती, आणि तिच्यात जाऊबाई बसल्या होत्या. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. ओरडत असणार, पण ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांच्यामागे गाडीच्या मागच्या चाकांतून काळा धूर निघत होता आणि आम्ही हायवेवर भरधाव चाललो होतो.

मी भिंतींना धरत पुढे गेले. थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, गाडी चालवत होते. शेजारी आमचे हे मांडीवर नकाशा पसरून बसले होते.

"भाऊजी, गाडी थांबवा. जाऊबाई मागे आहेत."

"मागेच आहे ती. झोपू दे."

"मागच्या गाडीत आहेत. चाकांतून धूर येतोय."

"छे. टो केलेल्या गाडीत बसायला कायद्याने बंदी आहे," दीर म्हणाले.

हे म्हणाले, "दादा, आरशात बघ तरी."

"आरशात ती गाडी दिसत नाही. आपली रुंदीच तेवढी आहे."

मागून एक ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता. दिरांनी खिडकीतून हात काढून त्याला पुढे जायची खूण केली. "घाई असते एकेकाला," म्हणाले.

"भाऊजी, थांबवा."

"इथे रस्त्याकडेचा शोल्डर अरुंद आहे. पुढे गाडी बाजूला लावायला पुल-आउट येईल, तिथे बघू."

मी बाजूचं दार उघडलं. वाऱ्याने ते परत आपटायला लागलं, मी खांदा लावून धरलं. दार उघडलं की त्या मोटरहोमची लोखंडी पायरी आपोआप बाहेर यायची. ती बाहेर आली आणि बझर वाजायला लागला. ती पायरी दिरांनी आठवडाभर ड्राइव्हवेवर आडवं पडून दुरुस्त केली होती.

"अगं पायरी! पायरी जाईल!" असं म्हणत त्यांनी ब्रेक मारला.

बायकोसाठी नाही थांबले. पायरीसाठी थांबले. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला मला काही वाटत नाही.

जाऊबाई त्या गाडीत कशा गेल्या ते आता सांगते. हल्ली आमच्या मंडळातली सॉफ्टवेअरवाली मुलं मला फोन करतात, "काकू, समरमध्ये मोटरहोम रेंट करतोय, काही टिप्स द्या." त्यांना तळी आणि डोंगर कुठले बघायचे ते ऐकायचं असतं. मी त्यांना संडासाच्या टाकीबद्दल सांगते. पिण्याच्या पाण्याची नळी आणि टाकी धुवायची नळी एका कप्प्यात ठेवू नका. आधी संडासाची टाकी रिकामी करा, मग बेसिनची, म्हणजे पाइप आपसूक धुतला जातो. गाडी चालत असताना गॅस सिलिंडरवरूनच बंद ठेवा. मुलं "हो काकू, हो काकू" म्हणतात आणि फोटो कुठे चांगले येतात ते विचारतात. माझ्याकडे फोटो नाहीत.

ती मोटरहोम दिरांची. ते आणि आमचे हे, दोघे भाऊ, दोघे इंजिनिअर. एकोणीसशे सत्तरच्या आसपास इथे कॅनडात आले आणि कारखान्यांत हयात काढली. मी चौथी शिकले. जाऊबाई माझ्यापेक्षा चार यत्ता पुढे. दीर आणि जाऊबाई व्हिटबीला राहायचे, आम्ही हॅमिल्टनला. दीर रिटायर झाले आणि त्यांनी जुनी मोटरहोम घेतली. घेतल्यापासून ती व्हिटबीच्या ड्राइव्हवेवर उभी. रोज तिला पुसायचे. आलागेला पाहुणा जेवणाआधी तिच्यात नेऊन बसवायचे आणि कपाटं उघडून दाखवायचे. कुठे जायचे नाहीत, कारण जायला कारण नव्हतं.

कारण देवांनी दिलं. दिरांच्या मुलाने पार पश्चिम टोकाला, कोक्विटलामला घर घेतलं. घराण्याचे देव थोरल्या मुलाकडे जायचे, म्हणून सासूबाईंनी दिलेले देव वास्तुशांतीला तिथे बसवायचे ठरलं. पितळेचा छोटा देव्हारा, त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि टाक. मुलगा म्हणाला, आई, विमानाने ये. जाऊबाई नाही म्हणाल्या.

"एअरपोर्टवरचा माणूस रबरी हातमोज्यांनी बाळकृष्ण उचलून मशिनीत घालेल. सासूबाईंनी ओंजळीतून दिलाय मला," त्या म्हणाल्या.

दिरांना हवं होतं तेच झालं. सगळा कॅनडा ओलांडून रस्त्याने देव न्यायचे. आम्ही दोघांनीही यायचं ठरलं, कारण मदतीला माणसं हवीत. मदतीला म्हणजे स्वयंपाकाला.

प्लॅनिंगचं दिरांना भारी कौतुक. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, किती वाजता चहा, सगळं कॉम्प्युटरवर काढून भिंतीला चिकटवलं होतं. असलं प्लॅनिंग करणाऱ्या माणसाने कधी भाजी चिरलेली नसते. मोटरहोम गाडीच्या वेगाने जात नाही. तिला चढ लागतात, वारा लागतो, पेट्रोल लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांना वॉशरूम लागते. मनात जेवढं अंतर धराल त्याच्या निम्मं जाऊन थांबा. दिवसाउजेडी थांबा, कारण मोटरहोम कॅम्पग्राउंडमध्ये मागे घ्यायला एक माणूस आत आणि एक बाहेर लागतो, आणि नवरा-बायको असतील तर तिथेच भांडण होतं. हे मी त्यांना निघायच्या आधीच म्हटलं होतं. दीर म्हणाले, "बघू." त्या घरात बघू म्हणजे नाही.

सामान भरताना जाऊबाईंना आतला संडास दिसला. त्याआधी पाहुण्यांना दाखवायच्या निमित्ताने त्यांनी तो बरेचदा पाहिला होता, पण आता देव घेऊन आत उभ्या होत्या.

"इकडे शेगडी, इकडे संडास, मध्ये एक फळी. देव कुठे ठेवू?"

"टेबलावर," दीर म्हणाले.

"टेबलाखाली टाकी आहे म्हणालात ना?"

"ती बेसिनची टाकी. ग्रे वॉटर."

"खरकटंच ना ते? त्याच्यावर देव?"

दोघे इंजिनिअर तासभर आत-बाहेर करत होते. टेपने मापं घेतली. शेवटी ठरलं की देव मागच्या गाडीत बसवायचे. तिच्यात संडास नाही, शेगडी नाही. मोटरहोम कॅम्पग्राउंडवर उभी राहिली की गावात जायला म्हणून ती छोटी गाडी मागे बांधून न्यायची होतीच. दिरांनी देव्हारा पुढच्या सीटवर ठेवून त्याला सीटबेल्ट लावला आणि असं हसले की जसं काही त्यांनी पूल बांधलाय.

मग रोजचं असं ठरून गेलं. दुपारी कुठेतरी थांबलो की जाऊबाई ताट घेऊन मागच्या गाडीत जायच्या. ड्रायव्हरच्या सीटवर तिरक्या बसून पूजा, नैवेद्य, निरांजन. त्या वेळी आम्ही कोणी मोटरहोममध्ये फिरलं तर दांड्यातून धक्का बसून मागची गाडी हलायची आणि निरांजन लवंडायला बघायचं. जाऊबाईंनी तक्रार केली. दिरांनी उपाय काढला.

"हा लिव्हर बघ, हँडब्रेक. हा ओढून बसायचं. हा ओढला की गाडी जागची हलत नाही. आरती झाली की सोडायचा. जमेल?"

"जमेल की," जाऊबाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी गाडी चालवली नव्हती. पण हँडब्रेक ओढायला शिकल्या, आणि रोज आठवणीने सोडायच्याही.

मागे गाडी बांधली असेल तर निघताना तिच्याभोवती एक फेरी मारायची. गिअर न्यूट्रलमध्ये आहे का, हँडब्रेक खाली आहे का, स्टिअरिंग मोकळं आहे का, पिना बसल्यात का, मागचे दिवे लागतात का, आणि चाकांना हात लावून बघायचा. सकाळी निघताना मारायची आणि चहाला थांबून निघतानाही मारायची. ही फेरी दिरांनी व्हिटबीला फार थाटात मारली होती. शेजारपाजारचे बघत होते ना. दुसऱ्या दिवशी अर्धी मारली. त्यानंतर काचेतून मान वाकडी करून बघायचे. मोठ्या मोटरहोमच्या इंजिनाला मागच्या छोट्या गाडीचं काही कळत नाही. ती फुटली, घासली, पेटली तरी चालवणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून माणसाने उतरायचं असतं. पण उतरायला गुडघे वाकवावे लागतात.

त्या दिवशी आम्ही लेक सुपिरिअरच्या उत्तरेला होतो. तिथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला पाणी. फोन लागत नाही, माणूस दिसत नाही. दुपारी एका मोकळ्या जागेत थांबलो. जाऊबाई ताट घेऊन मागे गेल्या. मी भांडी घासत होते. अस्वलांच्या भीतीने त्यांनी गाडीची दारं आतून लावून घेतली होती, ती त्या रोजच लावायच्या. पूजा झाली, निरांजन शांत झालं आणि त्या माळ घेऊन जप करायला बसल्या. बंद काचा, वर ऊन. हँडब्रेक ओढलेलाच होता, आणि डोळा लागला.

इकडे दिरांना भिंतीवरच्या कागदाप्रमाणे उशीर होत होता.

"वहिनी?" यांनी विचारलं.

"मागे झोपलीय. दार बंद आहे ना," दीर म्हणाले. बेडरूमचं दार खडखडतं म्हणून त्यांनीच सकाळी लावलं होतं. ते विसरले आणि निघाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "आज इंजिन ओढत नाहीये. चढ आहे." रस्ता सपाट होता. माझे डोळे अजून चांगले आहेत.

आता परत त्या जागेवर येते. दिरांनी पायरीसाठी ब्रेक मारला, मोटरहोम थांबली, मी उतरून मागे धावले. मागच्या एका चाकाचं रबर फाटून लोंबत होतं. दुसऱ्या चाकाला आग लागलेली दिसत होती, लहान, पिवळी. जाऊबाई आत. दोन्ही हातांनी हँडब्रेक धरून, सगळा जोर लावून वर ओढत होत्या.

"तो सोडा आणि बाहेर या."

काचेतून बारीक आवाज आला, "सोडला तर गाडी सुटेल गं."

"सुटायला ती चालतेय कुठे? उभी आहे. दार उघडा."

"हे म्हणालेत हा ओढला की गाडी धरून राहते."

गाडी चालू झाल्यावर त्यांना जाग आली होती. समोर मोटरहोमची भिंत, आजूबाजूला पळती झाडं. त्यांना वाटलं, आपल्याला या दांड्याला धरून ठेवणारी एकच वस्तू आहे, हा लिव्हर. तो सुटला की आपण मागे राहणार, नाहीतर तळ्यात जाणार. हॉर्न दाबून बघितला तर वाजेना, कारण टो करताना बॅटरी उतरू नये म्हणून दिरांनी फ्यूज काढून ठेवला होता. मग त्या लिव्हर ओढत राहिल्या. जितकी भीती वाटली तितका जोरात ओढला. आणि जितका ओढला तितकं चाक तापलं.

"जाऊबाई, मागे आग आहे. दार."

"आधी देव घे."

"देव घेते. दार उघडा."

त्यांनी एक हात सोडून खटका वर केला. मी दार उघडलं. त्यांनी सीटबेल्ट काढून देव्हारा माझ्या हातात दिला, सावकाश, हळदीकुंकवाचं ताट देतात तसा. मी तो मागच्या मागे गवतात फेकला आणि त्यांना दंडाला धरून ओढलं. त्यांचा दुसरा हात अजून त्या लिव्हरवर. मी त्या हातावर एक चापट मारली, लहान मुलाला मारतात तशी. तेव्हा सुटला. वयाने मोठ्या जावेवर मी हात उचलला तो तेवढाच एकदा.

हॉर्न वाजवणारा ट्रकवाला पंजाबी निघाला. आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आला. "बीबीजी, दूर हटो, दूर," म्हणत त्याने पांढरी पावडर चाकावर मारली. आग दबली आणि परत उठली. आमच्याकडेही सिलिंडर होता. तो डायनिंगच्या बाकाखाली होता, आणि त्याच्यावर तांदूळ, कणीक आणि मेतकुटाचा डबा रचलेला. आमचे हे तो शोधत होते तेव्हा तांदळाची गोणी फुटली. सिलिंडर दाराशी ठेवायचा असतो, हाताशी, भिंतीला. पोत्याखाली ठेवलेला सिलिंडर असून नसल्यासारखा.

छोटी गाडी सोडवली नसती तर मोटरहोमही पेटली असती. आणि टो-बारच्या, म्हणजे त्या जोडदांड्याच्या, पिना निघेनात. ताण होता आणि गंज होता. पिना पुसून तेल लावून ठेवायच्या असतात, हे त्या दोन्ही भावांना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि तेल लावणं यांत फरक आहे. दीर गुडघ्यावर बसून दगड मारत होते आणि म्हणत होते, "कोएफिशंट जास्त आहे." कसला ते मी विचारलं नाही. मी आत जाऊन जाऊबाईंचा लोखंडी खलबत्ता आणला आणि बत्ता यांच्या हातात दिला. त्याच्या घावांनी पिना निघाल्या. दिरांनी मोटरहोम पुढे घेतली. छोटी गाडी तिथेच जळत राहिली, पुढच्या सीटपर्यंत, निरांजनापर्यंत.

जाऊबाई गवतात गुडघे टेकून देव गोळा करत होत्या. खोकत होत्या, पोटरीला भाजलं होतं, साडीचा काठ करपला होता. अन्नपूर्णा सापडेना. मी पण शोधली. शेवटी ती एका दगडाच्या फटीत मिळाली, पळीसकट. त्यांनी पदराने पुसली, कपाळाला लावली आणि मला म्हणाल्या, "फेकलेस ना गं देव."

"फेकले. तुम्हाला पण फेकणार होते, पण तुम्ही जड."

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

मागून येणाऱ्या कोणीतरी पुढच्या गावात कळवलं असणार. पोलीस आला. त्याने विचारलं, गाडीत कोणी होतं का. दीर त्याला टो-बारचं वजन सांगायला लागले. पोलिसाने त्यांच्याकडे बघितलं, मग जाऊबाईंच्या पोटरीकडे बघितलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. गावातल्या दवाखान्यात पट्टी बांधून घेतली आणि आम्ही पुढे निघालो. देव आता कुठे ठेवायचे, हा प्रश्न पुन्हा आला. जाऊबाई ते मांडीवर घेऊन डायनिंगच्या बाकावर बसल्या, संडासापासून दोन हातांवर. कोक्विटलाम येईपर्यंत तिथेच बसल्या.

वास्तुशांतीचा मुहूर्त हुकला होता. गुरुजींनी दुसरा काढून दिला. देव बसले. मग जेवताना मुलाने, सुनेने आणि त्यांच्या मित्रांनी प्रवासाचं विचारलं. दिरांनी सांगायला सुरुवात केली. तळं, खडक, मूस, ते घोड्याएवढं हरीण, दिसलं ते. मग गाडीला आग लागली ते.

"हिची रोजची पूजा ना. बंद गाडीत निरांजन लावायची. मी किती वेळा म्हटलं," ते म्हणाले.

सगळे जाऊबाईंकडे बघून हसले. कौतुकाने. एक मुलगी म्हणाली, "काकू, सो स्वीट." जाऊबाई वरण वाढत होत्या.

"निरांजन पुढच्या सीटवर होतं," मी म्हटलं. "आग मागच्या चाकाला लागली. हँडब्रेक ओढून बसायला त्यांना कोणी शिकवलं, आणि निघताना उतरून कोणी बघितलं नाही, ते विचारा. पायरी कशी वाचवली ते पण विचारा."

हे म्हणाले, "अगं, जेवताना कशाला."

"मग कधी?"

मुलाने बापाकडे बघितलं. "डॅड, इज दॅट ट्रू?"

दिरांनी ताटातला भात कालवला, परत कालवला. जाऊबाईंनी त्यांच्या भातावर वरण घातलं.

"जेवा आता," त्या म्हणाल्या. "गार होतंय."

एवढंच बोलल्या. ते त्यांचं त्यांनी ठरवलं, त्यात मी पडणार नाही. मला विचाराल तर मी तो वरणाचा डाव डोक्यात घातला असता.

दिरांनी मोटरहोम परत आणली नाही. तिकडेच एका गोऱ्या जोडप्याला दिली, पायरी उघडून-मिटून दाखवून. आम्ही सगळे विमानाने घरी आलो. पुढे आम्ही दोघांनी आमची एक लहान मोटरहोम घेतली आणि यांचे डोळे जाईपर्यंत हिंडलो. मागे गाडी कधी बांधली नाही. गावात जायचं तर चालत जायचं, नाहीतर जायचं नाही. प्रत्येक वेळी निघताना उतरून फेरी मी मारायची. हे आत बसून "झालं का?" विचारायचे. झालं की सांगेन, बसा.

दीर झोपेत गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत आग निरांजनाने लागली असंच सांगत होते. हे त्यानंतर गेले. जाऊबाई कोक्विटलामला मुलाकडे असतात, रोज पूजा करतात.

त्या दिवशी त्या गाडीत त्या एकट्याच होत्या. त्या दोन्ही भावांच्या मागेही त्या जगल्या.